आठ माणसांचं घडीचं टेबल

५ ऑक्टोबर, रविवार

निर्णय झाला. डायनिंग टेबल घ्यायचं.

कारण आईंचा फोन. आई म्हणजे सासूबाई. उंबरमाळीच्या वर डोंगरात एकट्याच राहतात. मामंजी गेल्यावर दोन पावसाळे त्यांनी तिथे एकटीने काढले. आता भात झोडून झालं की घर बंद करून खाली यायचं, हे दोन्ही मुलांनी ठरवलं आहे. खाली म्हणजे कोणाकडे, ते मात्र कोणीच ठरवलेलं नाही. थोरले आम्ही, शहापुरात, वन रूम किचन, दुसरा मजला, लिफ्ट नाही. धाकटा मुकेश मुरबाडला, बैठं घर, पुढे अंगण.

मी सरळ विचारलं, आई, माझ्याकडेच येणार ना. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, येन गो, पन तुज्याकडं खाली बसून जेवायचं ना. माला आता नाय जमत. गुडघं धरतात.

एवढीच अडचण. नाहीतर येणारच होत्या.

सतीशला सांगितलं. म्हणाला, आई असं म्हणाली म्हणजे तसंच असेल असं नाही. वीस वर्षांत या माणसाला स्वतःच्या आईचं बोलणं कळलेलं नाही. मला कळतं. त्यांनी मला सून कधी मानलंच नाही. मुलगीच मानलं.

नव्या तांदळाचं पहिलं जेवण दरवर्षी गावच्या घरी असतं. यंदा ते माझ्याकडे. सगळे एका टेबलाशी बसून जेवतील आणि जेवण झालं की आई इथेच राहतील. ही योजना अजून कोणाला सांगितलेली नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

छोट्या घरासाठीच्या टेबलांचे व्हिडिओ पाहिले. एक बाई भिंतीवरचा आरसा खाली ओढते आणि त्याचं सहा जणांचं टेबल होतं. दुसरीचं सोफ्यातून निघतं. जग कुठे गेलं आहे. या बायकांच्या घरात टेबलाखेरीज काही दिसत नाही. धान्याचे डबे कुठे ठेवतात, गाद्या कुठे ठेवतात, कळलं नाही.

निश्चय : रोज एकच व्हिडिओ.

८ ऑक्टोबर, बुधवार

बरेच पाहिले. पण त्यातले काही कालचेच होते, ते मोजायचे नाहीत.

सतीश म्हणाला, आपण घरात तिघं. आठ माणसांचं टेबल कशाला. मी मोजून दाखवलं. आपण तिघं, आई, मुकेश, निशिगंधा, त्यांचा ओमकार, आणि कसाऱ्याचे धर्मातात्या. तात्या म्हणजे मामंजींचे थोरले भाऊ. घरातली शेवटची वडीलधारी माणसं म्हणजे तात्या आणि आई. सतीश म्हणाला, सगळे एकदम कशाला बसायचे, दोन पंगती करू. मी म्हटलं, पुरुष आधी आणि बायका उरलंसुरलं, ही पद्धत माझ्या घरात चालणार नाही. शाळेत मुलींना मी काय शिकवते आणि घरात काय करू.

तो गप्प झाला. पटलं असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज वर्तमानपत्रं चिकटवून टेबलाच्या मापाचा कागद तयार केला आणि हॉलमध्ये जमिनीवर अंथरला. घरच्यांना आतापासून सवय व्हायला हवी. नियम असा की कागदावर पाय द्यायचा नाही, कारण तिथे टेबल आहे.

सतीश ऑफिसातून आला आणि सरळ टेबलातून चालत कपाटाकडे गेला. मी लक्षात आणून दिलं. मग वळसा घालून गेला. दिवाणाला अंगठा ठेचला. पल्लवी म्हणाली, आई, आपण खऱ्या भिंतींनासुद्धा इतकं मानत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने आईशी असं बोलू नये. पण हसू आलं, म्हणून काही बोलले नाही.

निष्कर्ष : दिवाण आणि टेबल एका खोलीत राहू शकत नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाण हलवायचा नाही. टेबलच भिंतीला बसवायचं. बिजागऱ्यांवर. जेवताना खाली, एरवी वर. चंदर सुताराला बोलावलं. त्याने भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, होईल की म्याडम, दुपारपर्यंत.

निशिगंधाचा फोन आला. म्हणाली, ताई, नव्या भाताचं तुमच्याकडे ठरलं म्हणे. माणसं खूप होतील, मी आदल्या दिवशी येऊ का मदतीला. किती गोड बोलते. मी म्हटलं, काही गरज नाही, टेबल असलं की काम निम्मं होतं. ती म्हणाली, कसलं टेबल.

म्हणजे तिच्याकडे नाही. बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चंदर आला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल लिहायला जमलं नाही. घरभर धूळ होती. चंदरने चार भोकं पाडली, स्क्रू बसवले, टेबल लटकवलं. मी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. टेबल, तांब्या, स्क्रू आणि मूठभर भिंत असं सगळं खाली आलं. चंदर भोकात बोट घालून म्हणाला, म्याडम, ही भिंत नाय, खारी हाय. चहात बुडवायची.

मी म्हटलं, तू आधी टकटक केलं होतंस. तो म्हणाला, ते सवयीनं करतो.

भिंतीनेही फसवलं. बिल्डरने तर फसवलंच होतं, आता भिंतीनेही. भोकांवर कॅलेंडर लावलं. मोठं भोक कॅलेंडरच्या बाहेर राहतं, तिथे घड्याळ.

१९ ऑक्टोबर, रविवार

कल्याणला दुकानात गेलो. दिवाळीची गर्दी. मला हवं ते मिळालं. मधला भाग दोन वितींचा, दोन्ही बाजूंना पानं. पानं मिटली की कपाटाशेजारी उभं राहतं, उघडली की आठ माणसं. खुर्च्याही घडीच्या. दुकानातल्या माणसाने दोन बोटांनी उघडून दाखवलं. मी दोन हातांनी प्रयत्न केला तर उघडेना. तो म्हणाला, नवीन आहे म्हणून, हात बसेल. पान मिटताना माझं बोट आत राहिलं, ते त्याने दोन बोटांनी सोडवलं.

सतीश म्हणाला, रुंदीला कमी वाटतं, समोरासमोरची ताटं एकमेकांना लागतील. मी म्हटलं, घरचीच तर माणसं. जितकी जवळ तितकं बरं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

टेबल आलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकलं.

टेम्पोवाले म्हणाले, आमचं काम जिन्यापर्यंत. आणि निघून गेले. दुपारभर टेबल तिथेच. पहिल्या मजल्यावरच्या सकुबाईंनी त्यावर कोथिंबीर निवडली. मग तिथे चहा झाला. खालच्या मजल्यावरचे लोकही आले, जे एरवी जिन्यात तोंड फिरवतात. सगळ्यांनी खुर्च्या उघडून पाहिल्या. सकुबाई म्हणाल्या, हिथंच ऱ्हाऊ दे गो, बरं वाटतं.

शेवटी चंदर आला, त्याने पाय काढले, टेबल वर नेलं आणि पाय परत लावले. एक पाय उलटा लागला असावा. जरा डुलतं. त्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली आहे.

आईंना फोन केला. टेबल आलं, आता गुडघ्यांची काळजी नाही. त्या म्हणाल्या, अगं बाय, खरंच आनलंस. मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. भरून आलं असणार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

टेबल उघडल्यावरची परिस्थिती : दिवाणावर बसता येत नाही. कपाटाचा एकच दरवाजा उघडतो, सुदैवाने माझ्या साड्यांचा. फ्रीज अर्धा उघडतो. बाटली निघते, पातेलं निघत नाही. खिडकीकडच्या माणसाला बाथरूमला जायचं असेल तर त्या रांगेतल्या सगळ्यांनी उठायचं.

म्हणून दिवाण काढायचा. पूर्वीच्या निष्कर्षावर परत आले, म्हणजे तो बरोबरच होता.

चंदर म्हणाला, मीच नेतो, माझ्या पोरीला होईल. तो आणि त्याचा भाऊ घेऊन गेले. हॉल किती मोठा दिसतो. सतीश संध्याकाळी आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, आई झोपणार कुठे. मी म्हटलं, आधी येऊ देत तर, झोपायचं बघू. तो म्हणाला, आईसाठीच तर हे सगळं ना. मी म्हटलं, आईंसाठीच.

कधी कधी हा माणूस मुद्दाम न कळल्यासारखं करतो.

२ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. तिघंच बसलो. ताटं मांडली, आमटी वाढली. सतीशचा गुडघा पानाखालच्या आधाराला लागला आणि ते पान खाली गेलं. आमटी, ताट आणि माझा संयम, तिन्ही त्याच्या मांडीवर.  नुसता बसून राहिला आणि आमटी टपकत राहिली. पल्लवीने फोटो काढला.

बिजागरी नवी आहे, हात बसायचा आहे. निश्चय : जेवणाच्या दिवशी सतीशला त्या बाजूला बसवायचं नाही.

आता सतीश रोज स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानेच जेवतो. म्हणतो, सोयीचं पडतं. पल्लवी ताट घेऊन सकुबाईंकडे टीव्ही बघायला जाते. मी टेबलावर जेवते. कोणीतरी सवय ठेवायला हवी.

८ नोव्हेंबर, शनिवार

आईंचा फोन. भात झोडून झालं. पोती भरली. तांदूळ करून आणणार आहेत. म्हणाल्या, रत्ना, टेबलाचं काय ते राहू दे, मी स्वयंपाकघरात तुज्या मागं बसेन, मला चालतंय. मी म्हटलं, आई, आता कोणी कोणाच्या मागे बसायचं नाही. आयुष्यभर तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जेवलात, चुलीपाशी, अंधारात. आता मी तुम्हाला मधोमध बसवणार.

त्या म्हणाल्या, नको गो.

संकोच. पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच आहे हा. मला फार वाईट वाटलं आणि फार अभिमानही वाटला.

मग मी, नको गो असं नाही आई, नको म्हणा ठामपणे किंवा हो म्हणा, असं हसत हसत सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कोण कुठे बसणार ते ठरवलं. मधली जागा मानाची. एका बाजूला मधोमध धर्मातात्या, दुसऱ्या बाजूला बरोबर समोर आई. घरातली दोन मोठी माणसं समोरासमोर. दोघांना एकमेकांशी बोलता येईल. सुखदुःखाचं.

सतीशने पाहिलं. म्हणाला, आई आणि तात्या समोरासमोर? मी विचारलं, का, त्यांचं भांडण आहे का. म्हणाला, भांडण कसलं, पण. मी म्हटलं, भांडण नाही ना, मग झालं. उद्याची इतकी कामं पडली आहेत आणि याला पण-परंतु सुचतंय.

वाल सोलून झाले. खिरीचा गूळ किसून झाला.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

आले. मुकेशने त्याच्या जीपमधून सगळ्यांना आणलं. आधी उंबरमाळीहून आई, मग कसाऱ्याहून तात्या. जिन्यावरून आई सगळ्यांच्या आधी वर आल्या, कुठे न थांबता. मला भेटायची ओढ. मागून ओमकार धापा टाकत.

आईंचं गाठोडं आणि तांदळाची पिशवी ठेवायला जागा सापडेना. टेबलाखाली ठेवली. टेबलाचा हा उपयोग व्हिडिओत कोणी सांगत नाही.

१६ नोव्हेंबर, दुपारी

यशस्वी. संपूर्ण यशस्वी. आठ माणसं एका टेबलाशी, एका वेळी. पान खाली गेलं नाही. काही सांडलं नाही. भिंतीने दगा दिला पण टेबलाने दिला नाही.

तपशील : नव्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, भाकऱ्या, खीर. आईंना मी हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्या बसल्या. पदर पार नाकापर्यंत ओढून बसल्या. खिडकीतून ऊन येत होतं. समोर तात्या. सतीश म्हणाला होता तसं त्यांचं ताट आणि आईंचं ताट काठाला काठ लागून होतं.

मी म्हटलं, करा सुरुवात. मुकेशने केली, ओमकारने केली. आईंचा हात पदराखालून बाहेर येईना. तात्या कॅलेंडर वाचत होते. वाचून झाल्यावर घड्याळ. मी दोघांना भात वाढला, तूप वाढलं, आग्रह केला. तात्या म्हणाले, पोरी, मला जरा जिन्यात वाऱ्याला बसू दे. मी म्हटलं, मुळीच नाही तात्या, पंखा वाढवते. शिवाय ते उठले असते तर अख्खी रांग उठवावी लागली असती. ते परत बसले. दोनदा असं झालं.

निशिगंधा म्हणाली, ताई, आईंना मी आत घेऊन जाते, ओट्यापाशी बसतील. मी म्हटलं, निशिगंधा, आज आईंचा मान आहे, आज तरी त्यांना आत पाठवू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघून जेवायला लागली. मला वाटतं, तिला पहिल्यांदा कळलं.

आईंनी एक घोट पाणी घेतलं, तेसुद्धा तोंड वळवून. भारावल्या असणार. आयुष्यात पहिल्यांदा अशा बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, भूक नाय गो. आनंदाने भूक मरते माणसाची.

तात्यांनी तीन घास खाल्ले आणि हात धुतला.

आता सगळे जरा पडले आहेत. म्हणजे पडायला जागा नाही, बसल्या बसल्या पडले आहेत. संध्याकाळी आईंच्या राहण्याचं बोलायचं.

१६ नोव्हेंबर, रात्री

आई गेल्या.

मुकेश म्हणाला, वहिनी, आई म्हणते, थोडे दिवस मुरबाडला येते. मी म्हटलं, आईंना विचारू या ना. आई आधीच टेबलाखालचं गाठोडं काढून दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, आई, टेबल तुमच्यासाठी घेतलं. त्या म्हणाल्या, लई चांगला हाय तो टेबल. आणि माझ्या गालावरून हात फिरवला. आणि जिना उतरल्या. उतरतानाही कुठे थांबल्या नाहीत.

खिडकीतून पाहिलं. तात्या पुढे मुकेशशेजारी बसले, आई मागे निशिगंधाजवळ. जीप निघायच्या आधी निशिगंधाने डबा उघडला. माझाच डबा, मीच भरून दिला होता. आईंनी पाठ वळवली आणि हावरटासारख्या जेवायला लागल्या. हावरटासारख्या हा शब्द मी खोडणार होते. ठेवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

फसवलं. सगळ्यांनी मिळून फसवलं.

निशिगंधाने. मदतीला येऊ का, मदतीला येऊ का म्हणत. सासूलाच मदत केली. मुकेशने. सतीशने सर्वांत जास्त.

सतीश म्हणाला, रत्ना, आई तात्यांसमोर कधी जेवत नाही. ते तिचे थोरले दीर. लग्न होऊन आली तेव्हापासून तात्या घरात आले की ती बाहेरच्या खोलीतसुद्धा येत नाही, आतूनच बोलते. त्यांच्यासमोर खाटेवर बसलेलं मी तिला कधी पाहिलं नाही. तू तिला ताटाला ताट लावून बसवलंस. तात्यांनासुद्धा घास उतरेना.

मी म्हटलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस. म्हणाला, सांगत होतो. म्हटलं, तू नुसता पण म्हणालास. म्हणाला, तू त्या पणच्या पुढे जाऊ दिलंस का.

वीस वर्षं या घरात आहे. मला कोणी सांगितलं नाही. सांगायची गोष्ट नाही म्हणे, बघायची असते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून आल्यावर शांत डोक्याने विचार केला. दोष टेबलाचा नाही. दोष जागांचा. तात्यांना टोकाला बसवलं असतं, मध्ये पल्लवी आणि ओमकार, आणि आईंना त्याच बाजूला, म्हणजे एकमेकांना दिसलेच नसते, तर आई आज इथे असत्या. एवढी साधी गोष्ट. पुढच्या वेळी तात्यांना बोलवायचंच नाही. आई, मी, सतीश, पल्लवी. चार माणसं. टेबलाचं एकच पान उघडायचं, म्हणजे फ्रीजही उघडेल.

सतीशला सांगितलं.  म्हणाला, रत्ना, तिचे गुडघे बरे आहेत गं. मी म्हटलं, माहीत आहे, पाहिलं मी. म्हणाला, मग.

मग काय. मला त्या मगचं उत्तर द्यायचं नव्हतं. भांडी घासली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आईंना फोन. या आठवड्यात यायचं, मी जागा बदलल्या आहेत. त्या म्हणाल्या, जिना लई हाय गो. मी म्हटलं, त्या दिवशी तर चढलात. म्हणाल्या, तवा जोर होता. मग म्हणाल्या, थंडी पडली. मग म्हणाल्या, हितं निशीला बरं नाय. मागून निशिगंधाचा आवाज आला, कोणाला बरं नाही हो आई. आणि दोघी हसल्या. फोनवर हात ठेवून हसल्या, पण हात नीट ठेवता येत नाही त्यांना.

माझ्याशी अशा कधी हसल्या ते आठवत बसले. शाळेच्या वह्या तपासायच्या राहिल्या. मी त्यांना काय काय शिकवलं. औषधाच्या वेळा, फोन, सही. नाय असं बोलायचं नाही, नाही म्हणायचं. खूप शिकवलं. कोणाकोणाच्या सुना काहीच करत नाहीत.

पल्लवीला विचारलं, आजी माझ्याशी मोकळेपणाने बोलते ना. ती म्हणाली, तू बोलू देतेस तेव्हा बोलते. मोठी झाली आता. लागेल असं बोलायला लागली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मुरबाडला जाते आणि आईंना घेऊन येते. समोरासमोर गेल्यावर त्यांना नाही म्हणता येणार नाही. आईंसाठी घडीची खाट पाहून ठेवली आहे. टेबल मिटल्यावर खाट उघडायची. खाट मिटल्यावर टेबल.

निश्चय : तिथे काही शिकवायचं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

जाऊन आले.

सतीश म्हणाला, फोन करून जा. फोन केला की लोक तयारीत असतात, म्हणून न सांगता गेले. एसटी वेळेवर. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत कोणी नाही. आतून आवाज येत होते.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई खाली जमिनीवर बसल्या होत्या, एक पाय दुमडून, एक गुडघा वर. पुढ्यात ताट. शेजारी निशिगंधा, तिचं ताट. मधे भाताचं पातेलं, त्यातूनच वाढून घेत होत्या. गावच्या जना नावाच्या बाईची म्हैस लग्नाच्या मांडवात कशी शिरली ते आई सांगत होत्या. म्हशीचं सोंगही करत होत्या. पदर खांद्यावरून घसरून मांडीवर पडला होता, केस मोकळे, पांढरे, मला माहीतच नव्हतं इतके पांढरे आहेत. निशिगंधा हसता हसता घास धरून थांबली होती. बोलता बोलता आईंनी तिच्या ताटातली तळलेली मिरची उचलून खाल्ली.

मग त्यांनी मला पाहिलं. आणि पदर डोक्यावर घेतला.

नाकापर्यंत नाही. पण घेतला. हात पुसले, पाय आवरले, नीट बसल्या. निशिगंधा उठून उभी राहिली. कशा आहात ताई, फोन नाही केलात, बसा ना. मी म्हटलं, उठू नका, मीही इथेच बसते खाली, मला भूक लागली आहे. आणि पर्स ठेवून बसायला लागले.

आई म्हणाल्या, नको नको, तू खाली नको बसू. तुला नाय जमायचं. मग आवाज चढवून, मुकेश, रत्ना आली रे, शेजारून टेबल माग.

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. मुकेशने टेबल आणलं. प्लास्टिकचं, पांढरं. निशिगंधाने पुसलं, वर धुतलेला टॉवेल अंथरला. खुर्ची दिली, पंखा लावला, पाण्याचा तांब्या ठेवला. सगळं वाढलं, लोणचंसुद्धा. कशात टोमणा नव्हता. मी शोधला. असता तर मी निदान भांडले असते.

बाहेरच्या खोलीत मी बसले. मुकेश जरा वेळ दारात उभा राहिला, मग जीपचं काम आहे म्हणून गेला. टेबल चार माणसांचं होतं. आत पहिल्यांदा शांतता होती. मग भांड्याचा आवाज. मग निशिगंधाने हळूच विचारलं, मग त्या म्हशीचं काय झालं आई. आणि आई हळू आवाजात सांगायला लागल्या. मला शब्द ऐकू येत नव्हते. शेवटी दोघी हसल्या तेव्हा कळलं की म्हैस मांडवातून बाहेर निघाली असावी.

आईंना माझ्याबरोबर चला म्हणायचं होतं. खाटेचं सांगायचं होतं. त्या आत होत्या, आणि हे इतक्या लांबून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

मी जेवत होते. भात नव्याच तांदळाचा होता, मऊ झाला होता. आतून आईंचा आवाज आला, निशी, रत्नाला भात वाढ गो, लांब बसली हाय ती.